वाळूतला गहू

"वाळवंट पाहायला पैसे खर्चून कशाला जायचे? तुमचे गाव आहेच की!" असे आमच्या सौभाग्यवतींनी ऐकवले, तेव्हा मी गप्प बसलो. माझे गाव माणदेशातले. पाण्यावाचून सोडलेले. तिथली चार एकर कोरडवाहू जमीन विकण्याची बोलणीही सुरू होती. तरीही दोन वर्षांमागे, ऐन डिसेंबरात, आम्ही जैसलमेर गाठले.

रावळ जैसल याने ११५६ मध्ये वसवलेला तो किल्ला उन्हात खरोखरच सोन्याचा दिसतो. दगडच पिवळा! नवल हे, की आत आजही माणसे नांदतात. बुरुजापाशी धुणे वाळत घातलेले पाहून सौभाग्यवतींचा जीव रमला. समच्या टेकड्यांवर त्या उंटावरही बसल्या. उंट उठला तेव्हा काय ओरडल्या, ते इथे लिहीत नाही. रात्री मांगणियारांचे गाणे ऐकत आम्ही बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी खाल्ली.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, ही माझी समजूत मात्र खोटी ठरली. जैसलमेरभोवती दगडी माळ पुष्कळ आहे. दुसऱ्या दिवशी जीपवाला आम्हांला आपल्या चुलत्याच्या शेतावर घेऊन गेला. पाहतो तो समोर हिरवागार गहू!

"हे खडीन," म्हातारबाबा म्हणाले. माळावर पडलेला पाऊस वाहत खोलगट रानात येतो. तिथे लांबलचक मातीचा बांध त्याला अडवतो. पाणी मुरले, की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून थेंबही द्यायचा नाही. ही रीत पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी रुजवली. त्यांचे कुलधरा गाव आज ओसाड पडले आहे; बांधांची विद्या मात्र मागे राहिली.

"तुमच्याकडे पाऊस किती?" बाबांनी विचारले.

जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस धड होत नाही. आमच्याकडे त्याच्या दुपटीहून अधिक. मी तसे सांगितले.

बाबा थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग अगदी साधेपणाने म्हणाले, "मग गाव का सोडलेत?"

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न अधिक लागला. 'पाणी नाही' हे उत्तर मी तीस वर्षे सर्वांना देत आलो होतो; त्या गव्हासमोर ते देता येईना.

घरी परतल्यावर मी जमिनीची बोलणी मोडली. खडीन आमच्याकडे जसेच्या तसे चालायचे नाही. आमची माती निराळी, माळ निराळा. पण गावी असलेल्या धाकट्या भावाने वडिलांच्या वेळचे फुटके बांध यंदा उन्हाळ्यात दुरुस्त केले. पैसे मी दिले. परतीच्या पावसाचे पाणी त्यांना तटून उभे राहिले, असे त्याने कळवले आहे. ज्वारी पेरली आहे. कशी येते, पाहू.

परवा सौभाग्यवतींनीच विषय काढला, "अहो, यंदा दिवाळीला तुमचे वाळवंट पाहायला जायचे का?"

तिकिटे काढली आहेत.