ओट्यावरचा वरवंटा

लातूर

चि. सई,

परवा व्हिडिओ कॉलवर तू हसलीस, "आत्या, लातुरात काय दगडाचा दुष्काळ पडला होता, म्हणून वरवंटा मॉरिशसहून आणलात?" आजी शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा उत्तर टाळलं; आता सांगते.

आजीचं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून लोक झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाडजूड भिंती माणसांवर आल्या. आजीचं माहेरही त्यातच गेलं. तिथून परत आल्यावर तिने घरातला पाटा-वरवंटा उचलून उकिरड्यापाशी नेऊन टाकला. बारशाला बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात ना? तुझ्या बारशाला तिने नारळ ठेवायला लावला. बायका कुजबुजल्या, पण तिला कोण बोलणार!

2017 मध्ये आम्ही तिला मॉरिशसला नेलं. तिथला दक्षिण किनाऱ्याचा रस्ता बघण्यासारखा आहे. एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला समुद्र. आजी समुद्र सोडून ऊसच बघत होती. "आपल्याकडं प्यायचं पाणी रेल्वेनं आणायचं अन् रानात ऊस लावायचा," एवढंच म्हणाली. ल मॉर्नचा डोंगर मागे पडला. पळालेले गुलाम तिथे लपायचे. पुढे माकोंद इथे रस्ता कड्याला चिकटून असा वळतो, की पुढून येणारी गाडी दिसतच नाही. आजीने गाडी थांबवली, कड्याला हात लावला आणि म्हणाली, "आगं, ह्यो तर आपल्या रानातलाच धोंडा!"

ती चुकली नव्हती. भूगर्भातल्या ज्या उष्ण ठिकाणावरून आपली भूमी सरकली, तिथूनच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा दगड आला. खूप नंतर, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, त्याच ठिकाणाने मॉरिशस वर काढलं. आता ते उष्ण ठिकाण रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून लाव्हा ओकतो.

आमचा ड्रायव्हर मराठीच. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेले. तो क्रेओल बोलायचा, मराठी अडखळत. जेवायला घरी घेऊन गेला. परसात त्याची आई पाट्यावर मसाला वाटत होती. पाट्याला ते 'रोस कारी' म्हणतात, आणि वरवंट्याला त्याचा 'बाबा', म्हणजे बाळ! ड्रायव्हरने सांगितलं तशी आजी पदर तोंडाला लावून हसली, मग बराच वेळ गप्प. निघताना म्हातारीने घरातला जुना, घासून गुळगुळीत झालेला वरवंटा तिच्या ओटीत घातला. दोघींना एकमेकींचं एक वाक्य धड कळलं नव्हतं.

विमानतळावर बॅग उघडायला लावली, ते वेगळंच.

आता तुझे दिवस भरत आलेत. आजीने कुंची शिवून ठेवली आहे, ती वरवंट्याच्या मापाची. आम्ही दोघी येतोच आहोत. तुमच्या विमान कंपनीत माणशी किती किलो चालतं, तेवढं कळव.

तुझी,
आत्या