एक रुपयाचा मुस्तफा

कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा गेम बाजारात आणला. आपल्याकडे हे नाव घेताना मी कुणालाच ऐकलं नाही. चार हिरोंपैकी पिवळ्या टोपीच्या मुस्तफावर पोरांचा जीव जडला आणि अख्खा गेमच ‘मुस्तफा’ झाला.

तो ज्या दुकानांत खेळला जायचा, ती दुकानं गेली. टॉकीजच्या बोळात किंवा एसटी स्टँडमागच्या एखाद्या गाळ्यात दाराला पडदा लावलेला असायचा, आत अंधार आणि भिंतीला लागून गेमच्या तीन-चार लाकडी पेट्या. आधी टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले, मग सायबर कॅफे आले, मग मोबाइल. एकेक पडदा खाली आला, गाळ्यात रिचार्जवाले बसले. कुणी दोन ओळी लिहिल्याचंही आठवत नाही, म्हणून मी लिहितोय.

जॉयस्टिकचा गोळा कधीच निखळलेला असायचा, उरलेला लोखंडी दांडा तळहाताला रुतायचा. बटणं दोनच कामाची: एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की भोवतीचे सगळे गुंड उडायचे, पण आपलीही थोडी लाइफ जायची. चौघांनी घेरलं की पाठीमागून ओरडा व्हायचा, ‘दोन्ही दाब, दोन्ही दाब!’ आणि त्याच दमात दुसरा ओरडायचा, ‘नको, मरशील!’

हे पाठीमागचे बघे म्हणजे त्या दुकानाचा खरा जीव. खिशात रुपया नसलेला मुलगाही तिथे तासभर उभा राहायचा आणि कुठल्या पिंपात बंदूक आहे, कुठल्यात खाणं, हे त्याला खेळणाऱ्याहून जास्त पाठ असायचं. मी तर हा गेम बघूनच शिकलो. मुस्तफाची धावत जाऊन मारायची लाथ नेमकी किती अंतरावरून बसते, हे ज्या दादाने दाखवलं त्याचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं.

चालू गेममध्ये कुणीही रुपया टाकून शिरू शकायचा. अनोळखी पोरगा शेजारी येऊन उभा राहायचा आणि दोन मिनिटांत ‘तू वरचे घे, मी खालचे घेतो’ सुरू. पिंप फुटून खाणं बाहेर पडलं की ज्याची लाइफ कमी, त्याने ते घ्यायचं. हा नियम मशीनमध्ये कुठेही नव्हता, तो पोरांनी केला होता. जो अधाशासारखा उचलायचा त्याच्याबरोबर पुन्हा कुणी रुपया टाकत नसे. घरच्यांना ती जागा पोरं बिघडवणारी वाटायची. विडीचा धूर असायचा, शिव्याही असायच्या, ते खरंच आहे. तरी अनोळखी माणसाला सांभाळून घ्यायला मी तिथेच शिकलो, हेही तितकंच खरं.

गोष्ट मात्र आम्हाला कळलीच नव्हती. स्क्रीनवरचं इंग्रजी वाचायला सवड कुणाला? ते गुंड म्हणजे सव्विसाव्या शतकातले डायनासोरांचे चोरटे शिकारी आणि आपले हिरो त्या जनावरांना वाचवायला निघालेले, हे मला फार उशिरा समजलं. आम्ही तर डायनासोरांनाही धोपटत होतो.

मूळ कथा मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकची, म्हणजे कॅपकॉमची स्वतःची नव्हे. हा आर्केड गेम घरच्या कन्सोलवर कधी अधिकृतपणे आलाच नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपले अशा धाटणीचे सात जुने गेम एकत्र काढले, त्यातही मुस्तफा नाही. आज तो जगतोय तो जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे इम्युलेटरवर, हौशी लोकांच्या जिवावर. तिथे कॉइन म्हणजे एक बटण, हवे तितके दाबा. मी शेवटच्या बॉसपर्यंत गेलो, त्याला हरवलंही. पण ‘९, ८, ७...’ अशी उलटी मोजणी सुरू झाल्यावर मालकाकडे सुट्ट्यासाठी घेतलेली धाव त्यात नाही, आणि ‘हा घे माझा रुपया’ म्हणून पुढे येणारा हातही नाही.

कुणाच्या माळ्यावर, गोदामात अशी पेटी अजून पडून असेल तर कृपा करून भंगारात घालू नका. लाकूड कुजलं असेल, स्क्रीन गेली असेल, पण आतला बोर्ड काढून एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवा. तो अजून चालू होऊ शकतो.