रिलेचा पुतळा आणि आबांचा झाटोपेक

ऑनसाइटला आलं की माणूस दोन गोष्टी करायला लागतो. एक म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांबद्दल शेजाऱ्यांची माफी मागणे, आणि दुसरी म्हणजे सकाळी पळणे. वॉर्सात आल्यापासून माझं दोन्ही सुरू आहे. गेल्या शनिवारी विस्तुला नदीचा पूल ओलांडून प्रागा भागात गेलो. तिकडे लाल-पांढऱ्या टोपलीसारखं दिसणारं नॅशनल स्टेडियम आहे, २०१२ च्या युरो कपसाठी बांधलेलं. त्याच्या जवळ एक जुना पुतळा दिसला. धावपटू आहेत, एक पुढच्याला बॅटन देतोय. नाव ‘श्ताफेता’, म्हणजे रिले. शिल्पकार आदाम रोमान, साल १९५५.

१९५५ वाचलं आणि दम खायला म्हणून थांबलो तो तिथेच थांबलो. कारण हे साल आणि ह्या साली इथे काय झालं हे मला लहानपणापासून माहीत होतं. आबांमुळे.

तर आधी आबा. माझे आजोबा. गाव कराड तालुक्यातलं, नोकरी लालबागच्या गिरणीत, आणि पक्ष लाल. घरात गणपतीच्या फोटोशेजारी ‘सोव्हिएत देश’ मासिकाचा गठ्ठा असायचा आणि त्यात कुणालाच काही विचित्र वाटायचं नाही. त्या गठ्ठ्यातल्या कागदांची माझ्या वह्यांना कव्हरं घातलेली असत. गुळगुळीत, जाड कागद. माझ्या भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर होता.

नोव्हेंबर २००० मध्ये एमिल झाटोपेक वारला. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. आबांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि मला म्हणाले, "ये इकडं, बस. एका माणसाची गोष्ट सांगतो."

मी सातवीत होतो. गोष्ट अशी होती.

युद्ध संपलं. युरोप बेचिराख झालेला. १९४५ साली लंडनमध्ये जगभरातली तरुण पोरं जमली आणि त्यांनी एक महासंघ काढला, की पुन्हा युद्ध नको. त्यांनी ठरवलं की दर दोन वर्षांनी जगातल्या तरुणांनी एकत्र यायचं, गाणी म्हणायची, नाचायचं आणि मैदानात पळायचं. पहिला महोत्सव १९४७ ला प्रागमध्ये, सुमारे १७ हजार तरुण, ७१ देशांतून. मग १९४९ बुडापेस्ट, १९५१ पूर्व बर्लिन, १९५३ बुखारेस्ट, १९५५ वॉर्सा, १९५७ मॉस्को. बुखारेस्टपासून तिथल्या स्पर्धांच्या नावातच ‘मैत्री’ हा शब्द होता.

"आणि बुखारेस्टला," आबा पुढे सरकून बसले, "झाटोपेक पळाला."

तो तेव्हा जगातला सगळ्यात मोठा धावपटू. आदल्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं आठवड्याभरात घेतलेली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. (ह्याच हेलसिंकीत आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. त्यामुळे आबांच्या डोक्यात झाटोपेक आणि खाशाबा जवळजवळ गाववाले होते.) पळताना त्याचं तोंड वेडंवाकडं व्हायचं, मान एकीकडे पडायची, जीभ बाहेर. बघणाऱ्याला वाटावं आता पडतोय. आबा हे सगळं करून दाखवायचे. आजी आतून ओरडायची, "अहो, पोराला काय शिकवताय!"

बुखारेस्टमध्ये त्याच्यासमोर होता एक नवखा खलाशी, व्लादिमिर कुट्स. सोव्हिएत बाल्टिक नौदलातला, मोठ्या आंतरराष्ट्रीय मैदानाची फारशी सवय नसलेला. ५,००० मीटरची शर्यत सुरू झाली आणि हा पोरगा सरळ पुढे निघाला. डावपेच नाहीत, मागे वळून बघणं नाही. जवळजवळ सगळी शर्यत तो पुढे. शेवटी झाटोपेकने आपलं ते वाकडं तोंड करून त्याला गाठलं आणि मागे टाकलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? हरला. पण हरला तो शिकला."

आणि ते खरंच आहे. कुट्सकडे शेवटच्या लॅपची झेप नव्हती. म्हणून त्याने वेगळाच उपाय शोधला. शर्यतीच्या मध्येच अचानक वेग वाढवायचा, मग कमी, मग पुन्हा वाढवायचा. मागच्याचा श्वास आणि मन दोन्ही मोडेपर्यंत. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, बर्नच्या युरोपियन स्पर्धेत त्याने झाटोपेकला हरवून ५,००० चा विश्वविक्रम केला, १३ मिनिटं ५६.६ सेकंद. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दोन्ही शर्यती जिंकल्या.

आबांची गोष्ट इथे संपायची. एकाने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने पहिल्याला, आणि दोघं मित्र राहिले. बॅटन पुढे गेली. मला ही गोष्ट फार आवडायची. मी ती शाळेत वक्तृत्व स्पर्धेत पण सांगितली. दुसरा नंबर आला :)

मग मी इंजिनिअरिंगला गेलो. हॉस्टेलला इंटरनेट होतं आणि डोक्यात वारं. एका रात्री झाटोपेकबद्दल वाचत बसलो आणि गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सापडला.

१९६८. प्राग स्प्रिंग. झेकोस्लोव्हाकियात मोकळेपणाचे वारे वाहत होते, आणि सैन्यात कर्नल असलेल्या झाटोपेकने सुधारणांच्या बाजूने निघालेल्या ‘दोन हजार शब्द’ ह्या जाहीरनाम्यावर सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले. तो प्रागच्या वेन्स्लास चौकात गर्दीत उभा राहून त्यांच्याविरुद्ध बोलला. त्याचं पद गेलं, पक्षातून काढलं. हेलसिंकीच्या तीन सुवर्णपदकांचा मालक भूगर्भ सर्वेक्षणाच्या कामावर अंगमेहनत करत, घरापासून लांब पत्र्याच्या फिरत्या खोलीत राहिला. काही वर्षांनी त्याने जाहीर माघारही घेतली. माणूस दमतो.

मेलबर्नचाही उरलेला अर्धा भाग होता. कुट्सने १०,००० मीटर जिंकले ते २३ नोव्हेंबर १९५६ ला. त्याच महिन्याच्या ४ तारखेला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते. हो, त्याच बुडापेस्टमध्ये, जिथे १९४९ ला तरुणांचा महोत्सव झाला होता. आणि त्या शर्यतीत कुट्सच्या मागून दुसरा कोण आला? योझेफ कोव्हाच. हंगेरीचा.

दिवाळीत घरी गेल्यावर मी आबांना घेरलं. लॅपटॉप उघडून, तारखांसकट. म्हटलं, आबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुमची ती मैत्रीची स्पर्धा सगळा देखावा होता. पाहुण्यांना नाचवायचं आणि नंतर त्यांच्याच घरी रणगाडे. तुम्हाला माहीत होतं का नव्हतं?

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहीत होतं. पेपरात आलं तेव्हा रातपाळीला होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन विचारलं, झाटोपेकचं काय झालं? तर म्हणाले, ह्यावर आत्ता बोलायचं नाही. मग नाही बोललो."

"पण मला तरी सांगायचं ना!"

"शर्यत खरी होती रे," ते म्हणाले. "बाकीच्याचं म्हणशील, तर त्या बाकीच्यात मी पण होतो."

मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो. वाद जिंकल्याचा आनंद झाला होता मला, खरंच. त्यानंतर आबांनी मला कुठली गोष्ट सांगितल्याचं आठवत नाही. २०११ मध्ये ते गेले.

असो. तर मी त्या पुतळ्यापाशी उभा होतो.

हे जुनं स्टेडियम १९५५ च्या महोत्सवासाठी वर्षभराच्या आत उभं केलं गेलं होतं. त्याच्या उतारांखाली भर कसली होती माहितीय? युद्धात पडलेल्या वॉर्सातल्या घरांचा राडारोडा. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी हे शहर पद्धतशीर पाडलं होतं. त्या विटांवर बसून लोकांनी जगातल्या पोरांना पळताना पाहिलं.

माझ्या टीममधल्या एका पोलिश सहकाऱ्याला सोमवारी जेवताना सहज विचारलं. तो म्हणाला, माझी आजी होती ना तिथे! आजी सांगते म्हणे, की त्या दोन आठवड्यांत तिने पहिल्यांदा इतके रंग पाहिले. आफ्रिकेतली, आशियातली पोरं, वेगवेगळे कपडे, जॅझ. सरकारला दाखवायचं होतं की आम्ही किती छान आहोत. पोरांनी पाहिलं की बाहेर किती मोठं जग आहे. पोलंडमध्ये पुढच्या वर्षी, १९५६ ला, जो मोकळेपणा आला, त्याची सुरुवात ह्या महोत्सवापासून मोजणारे बरेच आहेत. म्हणजे फीचर एकासाठी बनवलं आणि युजरनी ते भलत्याच कामाला वापरलं. आपल्याला काय हे नवीन नाही.

आणि तिकडून अडवणारेही काही साधू नव्हते. १९५१ ला बर्लिनच्या महोत्सवाला निघालेल्या ब्रिटिश आणि फ्रेंच तरुणांना अमेरिकन सैन्याने ऑस्ट्रियात अडवून धरलं होतं.

सहकाऱ्याने आणखी एक सांगितलं. "स्टेडियमजवळच सिव्येत्सचं स्मारक आहे, ते पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. ह्या शनिवारी मुद्दाम गेलो.

रिशार्द सिव्येत्स. प्शेमिश्ल गावातला हिशेबनीस, युद्धात जर्मनांविरुद्धच्या भूमिगत सेनेत असलेला. ८ सप्टेंबर १९६८ ला ह्या स्टेडियममध्ये सरकारी सुगीचा उत्सव होता. पक्षाचे नेते, सुमारे लाखभर लोक, मैदानात नाच. सिव्येत्सने सगळ्यांसमोर स्वतःला पेटवून घेतलं. कारण? झेकोस्लोव्हाकियात घुसलेल्या सैन्यांत पोलंडचंही सैन्य होतं. चार दिवसांनी तो गेला. मैदानातला नाच थांबला नाही आणि सरकारी बातम्यांमध्ये काही आलं नाही. कितीतरी वर्षं बहुतेकांना हे माहीतच नव्हतं. १९९१ मध्ये माचेई द्रिगासने त्याच्यावर माहितीपट केला तेव्हा ही गोष्ट लोकांपर्यंत पोचली.

म्हणजे बघा. झाटोपेक प्रागच्या चौकात बोलत होता. तीन आठवडेही झाले नव्हते, तोवर मैत्रीसाठी बांधलेल्या ह्या मैदानात एक अनोळखी पोलिश माणूस त्याच्या देशासाठी जळत होता. त्या पूर्ण मैदानाच्या इतिहासात ‘मैत्री’ ह्या शब्दाला इतकं शब्दशः कुणी घेतलं नसेल.

त्या मैदानांचं पुढे काय झालं? बर्लिनचं, जे नंतर ‘जागतिक युवक स्टेडियम’ म्हणून ओळखलं जायचं, ते १९९२ मध्ये पाडलं. आज तिथे जर्मन गुप्तहेर खात्याचं मुख्यालय आहे. बुखारेस्टचं, जिथे झाटोपेक आणि कुट्स पळाले, ते २००८ पर्यंत पाडून झालं. वॉर्साच्या मैदानात १९८९ नंतर बाजार भरू लागला, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक. मग २००८ मध्ये तेही पाडायला घेतलं. आबांची गिरणीही आता नाही, तिथे टॉवर आहे. त्याचं मला आश्चर्य वाटत नाही. जागा मालकाची असते.

शर्यत मात्र मालकाची नव्हती, हे मला आता पटतंय. शर्यत खरी होती म्हणून रणगाडे खोटे ठरत नाहीत. आणि रणगाडे खरे होते म्हणून कुट्सने पहिल्या लॅपपासून लावलेला जीव खोटा ठरत नाही. आबांनी मला गोष्टीचा एक अर्धा भाग दिला. मी त्यांच्या तोंडावर दुसरा अर्धा फेकला. दोन्ही एकत्र धरून बसायला आम्हाला एक दुपार पुरली असती. त्यांनी दार उघडलं होतं, "त्या बाकीच्यात मी पण होतो" म्हणून. हे वाक्य बोलायला माणसाला किती वर्षं लागतात, ते तेव्हा मला कळलं नाही. मला फक्त स्कोअर दिसत होता.

सिव्येत्सची गोष्ट आबांना माहीत असण्याची शक्यता नाही. त्यांना ती सांगायला हवी होती. ते चष्मा काढून गप्प बसले असते, आणि ह्यावेळी मी लॅपटॉप न उघडता शेजारी बसलो असतो.

परतताना पुन्हा पुतळ्यावरून आलो. एक लहान मुलगी बापाला काहीतरी विचारत होती, बोट पुतळ्याकडे. पोलिश मला येत नाही. बाप मात्र बराच वेळ सांगत होता. पूर्ण सांगत असावा, असं आपलं मी धरून चाललोय.