वाचना झाली, पृच्छना राहिली

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी मागे पडली आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला, की थोड्याच अंतरावर कुरुळी लागते. एके काळी शेतीवर जगणारे हे गाव आता चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचा भाग झाले आहे. पाळ्या सुटण्याच्या वेळी रस्ता कंपन्यांच्या बसगाड्यांनी भरतो. दुकानांतून खिळे, नटबोल्ट, रंगाचे डबे आणि नळाचे पाइप यांची विक्री सकाळपासून सुरू होते. अशाच एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक जैन कुटुंब राहते. दुकान मुलगा सांभाळतो, हिशेब सूनबाई पाहतात आणि वडील, ज्यांना सारे बाबूजी म्हणतात, आता गल्ल्यावर थोडा वेळच बसतात. उरलेला वेळ ते वाचनाला देतात.

खरे तर त्या घरात सारेच वाचत होते. बाबूजींच्या हाती आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’वरील विवेचन होते, सूनबाईंच्या उशाशी एक मराठी कादंबरी होती आणि मुलगा मोबाइलवर व्यापारविषयक एक पुस्तक थोडे थोडे वाचत होता. एका छपराखाली तीन पुस्तके चालू होती. परंतु कोण काय वाचत आहे, याची परस्परांना वार्ता नव्हती. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात बोलणे होई ते मालाचे, उधारीचे आणि मुलांच्या शाळेचे.

चार-सहा महिन्यांत बाबूजींच्या वागण्यात एक बदल दिसू लागला. सायंकाळचे प्रतिक्रमण प्रथम अनियमित झाले, मग थांबलेच. कोणी विचारलेच तर ते शांतपणे म्हणत, “आत्मा मूळचा शुद्धच आहे. या बाहेरच्या क्रियांनी त्याच्यात काय भर पडणार?” घरात ज्येष्ठांना उलट विचारण्याची रीत नसल्यामुळे विषय तिथेच मिटत असे. एका संध्याकाळी मात्र सूनबाईंनी ताट वाढता वाढता विचारले, “बाबूजी, एक शंका आहे. बाहेरच्या क्रियेला किंमतच नसेल, तर दुकानात माप चोख का द्यायचं? तीही बाहेरचीच क्रिया ना?”

बाबूजी काही बोलले नाहीत. जेवण अर्धवट टाकून उठले नाहीत, कारण अन्न टाकणे त्यांना मान्य नव्हते. पण त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस ते सूनबाईंशी कामापुरतेच बोलले. चोख माप ही त्या दुकानाची चाळीस वर्षांची पुण्याई होती. प्रश्न नेमका तिथेच लागला होता. सूनबाईंना वाटले, आपण मर्यादा ओलांडली. मुलाने त्यांना हलक्या आवाजात बजावलेही, “त्यांच्या वाचनात आपण पडायचं नाही.”

येथे क्षणभर थांबून आपल्या परंपरेकडे पाहिले पाहिजे. स्वाध्याय हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक तप आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या नवव्या अध्यायात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचनेनंतर लगेच पृच्छना आहे, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी वाचायचे, मग शंका विचारायची, त्यानंतर चिंतन करायचे, शुद्ध उच्चारासह आवर्तन करायचे आणि या साऱ्यानंतर दुसऱ्याला सांगायचे. आपल्याकडे वाचना होते आणि कित्येकदा तिथून थेट उपदेशावर उडी पडते. मधली पृच्छना राहून जाते. तिला दुसरा माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या प्रश्नाने आपले न्यून उघडे पडण्याची भीती असते.

चौथ्या दिवशी बाबूजींनी कपाटातून एक जुने पुस्तक काढले. ते होते कविवर बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’, मुंबईतून नाथूराम प्रेमींनी संपादित करून प्रसिद्ध केलेले. तरुणपणी त्यांनी ते व्यापाऱ्याची गोष्ट म्हणून वाचले होते. आता त्यांना त्यातील एक वेगळाच भाग आठवत होता.

बनारसीदासांचा जन्म 1586 साली जौनपूरच्या श्रीमाळ कुळात झाला. व्यापार त्यांच्या रक्तात होता, पण यश हाती लागत नव्हते. आग्ऱ्यात सारे भांडवल संपले, तेव्हा ते रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचून दाखवीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्या दिवसांत एका कचोरीवाल्याने त्यांना कित्येक महिने उधारीवर खाऊ घातले. पुढे त्यांच्या हाती राजमल्लांच्या टीकेसह ‘समयसार’ आला. ग्रंथ त्यांनी वाचला आणि निष्कर्ष काढला की बाह्य क्रिया निरर्थक आहेत. सामायिक, प्रतिक्रमण, पूजा सारे सुटले. भोवती मित्रही तसेच मिळाले. हे चौघे मिळून धर्माचारांची थट्टा करीत. एका कोठडीत वस्त्रे टाकून मुनींची नक्कल करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. हे कोणा विरोधकाने लिहिलेले नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 1641 साली, बनारसीदासांनी स्वतःच ते लिहून ठेवले आहे.

त्यांचे सहवाचक नव्हते असे नाही. होते, परंतु सारे एकाच मताचे होते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या म्हणण्याला होकार देत होता. 1635 च्या सुमारास पंडित रूपचंद आग्ऱ्यात आले आणि त्यांनी या मंडळीत ‘गोम्मटसारा’चे विवेचन सुरू केले. गुणस्थानांच्या पायऱ्या समजू लागल्या, तसतसा बनारसीदासांना उलगडा होत गेला. आत्म्याचे शुद्ध स्वरूप सांगणारा ग्रंथ खोटा नव्हता. पण जो जीव ज्या पायरीवर उभा आहे, त्या पायरीला योग्य असे आचरण त्याला सोडता येत नाही. एका ग्रंथाने निर्माण केलेला भ्रम दुसऱ्या ग्रंथाच्या सहवाचनाने दूर झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘समयसार नाटक’ पूर्ण केले आणि त्यात एकत्र बसून तत्त्वचर्चा करणाऱ्या आपल्या पाच साथीदारांची नावे आदराने नोंदवली.

बाबूजींनी ते प्रकरण दोनदा वाचले. मग सूनबाईंना बोलावून ते एवढेच म्हणाले, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. आजही पुरतं नाही. आपण मिळून शोधू.”

त्या घरात त्यानंतर दर रविवारी, दुकान अर्धा दिवस बंद असते तेव्हा, तासभर बैठक होऊ लागली. प्रत्येकाने आपण काय वाचतो आहोत ते सांगायचे, पटलेली एक गोष्ट आणि न पटलेली किंवा न कळलेली एक गोष्ट मांडायची. पहिल्या बैठकीत मुलगा संकोचला. “बाबूजींच्या समयसारापुढे माझं धंद्याचं पुस्तक काय सांगू?” असे तो म्हणाला. त्यावर बाबूजींनी त्याला रायचंदभाईंची आठवण करून दिली.

श्रीमद् राजचंद्र हे मुंबईतील जवाहिरे. गांधीजी 1891 साली इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांची भेट झाली. गांधीजींनी आत्मकथेत वर्णन केले आहे की हिरेमोत्यांचा लाखोंचा व्यवहार करणाऱ्या या माणसाच्या जवळ धर्माचे एखादे पुस्तक आणि त्याची रोजनिशी कायम असे. सौदा संपला की पुस्तक उघडले जाई. पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या मनात धर्माविषयी शंका दाटल्या, तेव्हा 1894 साली त्यांनी सत्तावीस प्रश्न लिहून रायचंदभाईंना पाठवले. रायचंदभाईंनी त्यांची उत्तरे दिली. त्यांनी काही ग्रंथही पाठवले आणि त्यांत हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ होता. आपल्याखेरीज इतर दर्शनांचीही मते नीट मांडणारा जैन आचार्यांचा ग्रंथ एका शंकाकुल अजैन मित्राला पाठवणे, यातच सहवाचनाचा संस्कार दिसतो. गांधीजींनी रायचंदभाईंचे ऋण आयुष्यभर मानले. तरीही गुरूच्या स्थानी आपण त्यांना बसवू शकलो नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. तेवढ्याने त्यांच्या स्नेहात उणेपणा आला नाही.

मते जुळली नाहीत तर काय करावे, हा प्रश्न त्या बैठकीत लवकरच उभा राहिला. सूनबाईंच्या कादंबरीतील नायिका घर सोडून जाते. बाबूजींना ते अयोग्य वाटले, सूनबाईंना अपरिहार्य वाटले. एकमत झाले नाही. तेव्हा बाबूजींनी पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या ‘कल्पसूत्रा’तील एक जागा दाखवली. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर किती वर्षे लोटली, हे सांगताना तिथे 980 हा आकडा येतो आणि लगेच, दुसऱ्या वाचनेनुसार 993, अशीही नोंद येते. ज्या आचार्यांनी आगम लिपिबद्ध केले, त्यांनी एक आकडा पुसून दुसरा ठेवला नाही, दोन्ही जपले. दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर आहेत, असा त्याचा अर्थ नव्हे. निर्णय होईपर्यंत दुसऱ्याचे म्हणणे नष्ट करू नये, एवढाच त्याचा अर्थ. अनेकांताचा अभ्यास घरात करायचा, तर तो येथून सुरू करता येतो.

बाबूजींचे प्रतिक्रमण पुन्हा सुरू झाले आहे. मात्र आता नातवंडे शेजारी बसतात आणि शब्दांचे अर्थ विचारतात. काहींचा अर्थ बाबूजींना लगेच सांगता येत नाही. असा शब्द ते वहीत टिपून ठेवतात आणि चातुर्मासात महाराजसाहेबांसमोर मांडतात. माप चोख का द्यायचे, या प्रश्नापुढे त्या वहीत तीन वेगवेगळी उत्तरे लिहिलेली आहेत. बाबूजींचे उत्तर गुणस्थानांवरून दिलेले आहे, मुलाचे ग्राहकाच्या विश्वासावरून. सूनबाईंनी लिहिले आहे की खोटे माप देणाऱ्याला आपण काय केले हे आतून ठाऊक असते, म्हणून माप ही निव्वळ बाहेरची क्रिया नव्हेच.

कार्तिक शुद्ध पंचमीला आपण ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांची पूजा करतो आणि लाभपंचमी म्हणून त्याच दिवशी अनेक पेढ्यांवर नव्या खातेवहीचा मुहूर्त होतो. व्यापारी खातेवहीची पूजा करून ती बंद ठेवत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्यात नोंदी होतात, ताळा लागला नाही तर चूक शोधली जाते आणि त्यासाठी दुसऱ्याची नजरही घेतली जाते. कुरुळीच्या त्या घरात त्या दिवशी पाटावर ग्रंथ आणि खातेवही यांच्याशेजारी शंकांची वहीही ठेवली होती. पूजा झाल्यावर बाबूजींनी ती उचलली, नवे पान काढले आणि सूनबाईंना विचारले, “सध्या काय वाचते आहेस?”