दारातल्या झाडांचं पाणी

शोभेच्या झाडाला पाणी घालणं म्हणजे पाण्याची नासाडी, हे मत मी बरीच वर्षं बाळगलं आणि घरात सगळ्यांना ऐकवलं. दारात लावायचं तर शेवगा, कढीपत्ता, लिंबू. फार तर देवापुरती जास्वंद. क्रोटन, बोगनवेल, अडेनियम यांचं ना फळ, ना वैरण, ना सरपण. आज ही तिन्ही माझ्या दारात आहेत आणि त्यांना पाणी मीच घालतो. मत का बदललं ते नीट सांगावंसं वाटतं, कारण आमच्या काटेवाडीत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर माझ्या जुन्या मताचे लोक पुष्कळ आहेत.

ते मत उगाच तयार झालं नव्हतं. 1972 चा दुष्काळ मी लहानपणी पाहिलाय. घरची मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि विहिरीच्या तळाशी उतरून आम्ही वाटीनं पाणी भरायचो. आमच्याकडे पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला म्हणून या पट्ट्यात ऊस उभा राहिला. पण पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, ही काळजी कालव्याच्या काठावरच्या शेतकऱ्यालाही चुकलेली नाही. पाणी हिशेबानंच वापरायचं, ही शिकवण मी आजही सोडलेली नाही. फक्त तो हिशेब दारातल्या कुंड्यांसाठी मी कधी मांडलाच नव्हता.

तो मांडायला लावला सुनेनं. तिनं रंगाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून ओट्याच्या कडेनं झाडं लावली. मी हटकल्यावर ती म्हणाली, “मामा, हे तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी आहे. एरवी मोरीतच जातं.” मी मनाशी आकडे मांडले. एक एकरावर एक इंच पाणी उभं करायचं तर एक लाख लिटरहून थोडं जास्त लागतं. उसाला पाटानं दिलेली एक पाळी तीन इंचांची धरली, तरी तीन लाख लिटर झालं. ओट्यावरच्या सगळ्या कुंड्या रोज दोन बादल्या पितात, म्हणजे वर्षाला दहा-अकरा हजार लिटर, आणि तेही बरंचसं एकदा वापरलेलं. बांध फुटून एका रात्रीत ओढ्याला वाहून जाणारं पाणी याच्या कितीतरी पट असतं. नासाडी कुठे होते, ते मला त्या दिवशी आकड्यांत दिसलं.

मग मी त्या झाडांकडे शेतकऱ्याच्या नजरेनं पाहू लागलो. जास्वंदीची कोवळी पानं पिवळीधमक झाली होती, शिरा मात्र हिरव्या. उसाच्या खोडव्याला केवडा पडतो, तोच हा प्रकार. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारलं, तशी नवी पालवी हिरवी फुटली. डब्यांच्या कडेला पांढरा थर धरला होता, तो बोअरच्या पाण्यातला क्षार. त्यावर पावसाचं पाणी हेच औषध. मृगात कुंड्या पागोळ्यांखाली सरकवल्या की माती धुऊन निघते. उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून आणलेलं रोप नारळाच्या भुशात वाढलेलं असतं. ते नुसत्या काळ्या मातीत लावलं की पाणी तुंबून मुळं कुजतात. म्हणून माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागानं घ्यायचं, आणि वर उसाच्या पाचटाचा बारीक थर द्यायचा. पाचटामुळे उन्हाळ्यातही ओल टिकते. बोट पेरभर मातीत घालावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट कळली. शोभेची सगळीच झाडं पाणीपिशी नसतात. बोगनवेल मूळची ब्राझीलकडची, पण तिला पाण्याचा ताण दिला की ती जास्त फुलते. अडेनियम आफ्रिका-अरबस्तानातलं, फुगलेल्या खोडात पाणी साठवून ते आमचा एप्रिल सहज काढतं. सदाफुली मादागास्करची, तीही थोडक्यात भागवते. साबणाचं पाणी कुंड्यांना चालत नाही, ते मोरीच्या तोंडाशी लावलेल्या कर्दळीला जातं. कण्हेर मात्र आम्ही कुंपणालाच ठेवली, कारण ती विषारी आहे. अडेनियमचा चीकही विषारी, म्हणून छाटणी झाली की नातवंडांना लांब ठेवतो आणि हात धुतो.

पाण्याचा हिशेब जुळला म्हणून विरोध थांबला. पण माया जडली ती आईमुळे. तिला आता शेतात जाववत नाही. सकाळी ती ओट्यावर बसते, हाताला येतील ती वाळकी पानं खुडते, शेवंतीला कळी धरली की घरभर सांगते. उभा जन्म पिकात गेलेल्या बाईला वाढतं काहीतरी रोज डोळ्यांसमोर हवं असतं. तिच्यासाठी ही झाडं उपयोगाचीच आहेत.

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या पायघड्यांतून उत्पन्न काय, असं आजवर कुणी विचारलं नाही; मीही नाही. मनापासून स्वागत करायचं तर माणूस काहीतरी सुंदर मांडतो, हे आमच्या गावाला पूर्वीपासून ठाऊक आहे. मग ज्या दारातून घरची माणसं आणि पाहुणे रोज ये-जा करतात, त्या दारालाच उत्पन्नाची अट का घालावी?

हिरवळीचा गालिचा मला आजही पटत नाही. रोज पाणी मागणारी ती गोष्ट आमच्या हवेची नाही. पण थोडक्यात भागवणारी, वापरलेल्या पाण्यावर जगणारी फुलझाडं प्रत्येक दारात असावीत, असं मी आता म्हणतो. पुढं टंचाई आली, तर आधी उसाची पाटपाण्याची पाळी मोडून ठिबक करीन. कुंड्यांच्या दोन बादल्या मी सगळ्यात शेवटी बंद करीन.