चुकीचा रकाना

प्रत्येक घरात एखादे तरी वेड पिढ्यान्‌पिढ्या नांदत असते. कोणाच्या घरी गाण्याचे, कोणाच्या घरी नाटकाचे, तर कोणाच्या घरी नुसते पत्त्यांचे. आमच्या वडिलांस, म्हणजे नानांस, क्रिकेटचे वेड होते. खाण तशी माती या न्यायाने ते आमच्याही वाट्यास आले. मात्र परदेशी वास्तव्यामुळे त्याने निराळा वेष धारण केला. 1986 साली आम्ही विद्यार्थी म्हणून अमेरिकेतील बॉस्टन शहरी गेलो, तेथेच नोकरी लागली, तेथेच संसार थाटला, आणि बेसबॉल नामक खेळाने आम्हांस जे एकदा बांधले ते आजतागायत सोडलेले नाही.

ज्या वाचकांस हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. दोन्ही बाजूंचे नऊ नऊ डाव होतात, प्रत्येक डावात तीन गडी बाद व्हावे लागतात, आणि नऊ डावांअंती धावा समसमान असल्या तर निकाल लागेपर्यंत जादा डाव चालतात. घड्याळाकडे पाहून सामना संपविण्याची सोय नाही. प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत 162 सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज एक. एवढ्या दीर्घ व्रतात घरी बसून खेळ पाहणाऱ्यासही काहीतरी नित्यकर्म हवे. आमचे नित्यकर्म म्हणजे टिपणवही. प्रत्येक चेंडूचा निकाल त्या चौकटींत नोंदण्याची जी पद्धत आहे तिचा पाया घालण्याचे श्रेय हेन्री चॅडविक या एकोणिसाव्या शतकातील वृत्तलेखकास देतात. हा गृहस्थ जन्माने इंग्रज असून आरंभी क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. त्यामुळे त्या वहीवर वाकलो की आपण नानांच्या धर्मापासून फारसे ढळलो नाही, असे आम्हांस उगाच समाधान वाटे.

आता ज्या दिवसाची हकीकत सांगावयाची तो दिवस म्हणजे बुधवार, 28 सप्टेंबर 2011. नियमित सामन्यांचा तो अखेरचा दिवस. त्या काळी प्रत्येक संघसमूहातून तीन गटांचे तीन विजेते आणि उरलेल्यांत सर्वश्रेष्ठ ठरेल तो एक, असे चार संघ पुढील फेरीस जात. या चौथ्या जागेसाठी आमचा बॉस्टनचा संघ सप्टेंबरच्या आरंभी फ्लॉरिडातील टँपा बे संघाच्या नऊ सामन्यांनी पुढे होता. नऊ सामन्यांची आघाडी म्हणजे घरात भरून ठेवलेले धान्य, असे समजून आम्ही निर्धास्त होतो. परंतु महिनाभरात सामन्यांमागून सामने गमावीत आमचा संघ अखेरच्या दिवशी टँपा बेच्या बरोबरीस येऊन बसला. दोघांचेही 90 विजय, दोघांचेही 71 पराभव. दुसऱ्या समूहात अटलांटा व सेंट लुईस यांचीही अशीच बरोबरी. तेव्हा त्या एका रात्री चार सामन्यांवर चार संघांचे भवितव्य अवलंबून होते.

पंचांगात त्याच दिवशी घटस्थापना होती. नाना 2009 च्या श्रावणात वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात, आई प्रथमच आमच्याकडे राहावयास आली होती. पुण्यास दादाकडे देवीचा घट बसतोच. तथापि आपण असू त्या घरी नंदादीप तेवलाच पाहिजे, असा तिचा आग्रह. परसातील माती आणून, धान्य पेरून, तिने आमच्याकडून घट बसवून घेतला. दिवा मात्र दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, धुराची सूचना देणाऱ्या यंत्रापासून दूर, अशा बेताने ठेवावा लागला. आम्ही कचेरीतून रजा घेतली होती ती खेळांसाठी. आईस वाटले घटासाठी. "बरे केलेस," ती म्हणाली. आम्ही तिचा समज दूर केला नाही.

पूजा आटोपल्यावर ती म्हणाली, "दादाचा फोन आला होता. दिवाळीला मी घरी असावे म्हणतो. माझ्या तिकिटाचे बघशील ना?"

"बघतो," आम्ही म्हणालो. हे 'बघतो' आम्ही तीन आठवडे म्हणत होतो. तिला मिळालेली मुदत नोव्हेंबरात संपत होती. ती वाढवून घ्यावी, जमल्यास आईस कायमचीच ठेवून घ्यावी, असा बेत आमच्या मनात होता. पण तो तिला सांगण्याचे धैर्य होत नव्हते. म्हणून आम्ही वर्तमानपत्रात डोके घातले.

दुपारी न्यू यॉर्क येथील एक सामना टेलिव्हिजनवर लागला. निकालाच्या दृष्टीने त्यास महत्त्व नव्हते. परंतु होझे रेयेस हा खेळाडू फलंदाजीच्या सरासरीत आपल्या संघसमूहात सर्वांच्या पुढे होता. पहिल्याच डावात त्याने बॅट आडवी धरून चेंडू हलकेच ढकलला, धावत पहिला तळ गाठला, आणि सरासरी घसरू नये म्हणून लगेच सामन्यातून निवृत्त झाला. पुढे ते मानाचे स्थान त्यासच मिळाले. आम्हांस मात्र बॉस्टनच्या टेड विल्यम्सची आठवण झाली. बरोबर सत्तर वर्षांपूर्वी, 28 सप्टेंबर 1941 रोजी, त्याची सरासरी हजारी चारशेला किंचित कमी, पण हिशेबात चारशेच धरली जाईल इतकी होती. स्वस्थ बसला असता तरी मान पदरात पडत होता. तो बसला नाही. फिलाडेल्फियात त्या दिवशी झालेले दोन्ही सामने तो खेळला, आठांपैकी सहा वेळा यशस्वी झाला, आणि त्याची सरासरी 406 वर गेली.

ही कथा आम्ही रंगात येऊन आईस सांगितली. ती वाती वळीत ऐकत होती. मग आमच्या वहीकडे पाहून तिने विचारले, "हा शेवटचा रकाना कसला?"

"चुकांचा. धावा, फटके आणि चुका, तिन्हींची नोंद होते. मैदानावरील फलकावरही लावतात."

"चुकासुद्धा? चारचौघांत?" तिला मोठे नवल वाटले. "आणि चूक कोणती, ते कोण ठरविते?"

आम्ही नियम सांगितला. साधारण प्रयत्नाने जो चेंडू हाती यावयास हवा होता तो सुटला, तर ती चूक. ज्या चेंडूपर्यंत गडी पोहोचलाच नाही तो सहसा समोरच्याचा फटका म्हणून लिहिला जातो.

आई क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे जो जागचा हललाच नाही, त्याच्या नावावर चूक नाही?"

आम्ही हसलो. हा आक्षेप जाणत्यांनीही फार पूर्वीपासून घेतलेला आहे, असे म्हणून तिच्या बुद्धीचे कौतुक केले आणि विषय संपविला.

संध्याकाळी सात वाजता खरा प्रसंग सुरू झाला. टेलिव्हिजनवर बॉल्टिमोर येथे चाललेला आमच्या संघाचा सामना, आणि मांडीवरील संगणकावर टँपा बे विरुद्ध न्यू यॉर्क. सौभाग्यवती दिवसभराच्या नोकरीने दमली होती; जेवण होताच ती निजावयास गेली. आई मात्र दिव्यापाशी बसून राहिली. साडेनऊच्या सुमारास आमचा संघ 3-2 असा पुढे असताना बॉल्टिमोरला पाऊस आला व खेळ थांबला. तिकडे टँपा बे संघ 7-0 असा मागे पडला होता. म्हणजे दोन्हीकडून दैव अनुकूल!

पाऊस दीड तास पडत होता. एवढी मोकळी वेळ त्या दिवसात प्रथमच मिळाली. आई म्हणाली, "आता थांबलेच आहे तर बोलू या का?" आणि वाचकहो, सांगावयास लाज वाटते, आम्ही टेलिव्हिजनवर टँपा बेचा सामना लावला. "एवढा डाव होऊ दे," इतकेही शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत.

त्या एका डावात टँपा बेने सहा धावा काढल्या. नवव्या डावात दोन गडी बाद झालेले, तिसरा बाद होण्यास एकच चेंडू उरलेला, अशा वेळी डॅन जॉन्सन या बदली फलंदाजाने चेंडू प्रेक्षकांत भिरकावून 7-7 अशी बरोबरी केली. इकडे पाऊस थांबून आमचा खेळ पुन्हा सुरू झाला होता. आठ डावांनंतर आघाडीवर असताना त्या संपूर्ण हंगामात आमचा संघ एकदाही हरला नव्हता. नववा डाव, दोन गडी बाद, एक गडी बाकी. आम्ही वहीत विजयाची खूण करण्यास लेखणी सरसावली. तोच एक फटका, त्यामागून दुसरा, आणि बरोबरी झाली. मग रॉबर्ट अँडिनो याने डाव्या बाजूस एक खालचा चेंडू मारला. तेथे उभा असलेला कार्ल क्रॉफर्ड पुढे धावत आला, घसरत त्याने हात घातला, चेंडू हातमोज्यास लागून निसटला, आणि सामना 4-3 असा गेला. हा क्रॉफर्ड मागील हंगामापर्यंत टँपा बेकडेच होता! मध्यरात्र उलटून दोन मिनिटे झाली होती. आणखी तीन मिनिटांत तिकडे बाराव्या डावात एव्हान लाँगोरियाचा फटका भिंतीपलीकडे गेला, टँपा बे 8-7 असा जिंकला, आणि आमचा हंगाम संपला. अटलांटाही तेराव्या डावात हरून आधीच बाहेर पडले होते.

"संपले का?" आईने विचारले.

"संपले. हरलो."

तिने दिव्यात तेल घातले, वात सारखी केली आणि म्हणाली, "तुझ्या नानांचेही असेच असे. 1971 सालची गणेश चतुर्थी तुला आठवते?"

आठवत होती. लंडनच्या ओव्हल मैदानावर वाडेकरांच्या संघास 173 धावा हव्या होत्या. आमच्याकडे संध्याकाळ झाली, आरतीचे तबक तयार, सारे घर उभे, आणि नाना रेडिओस कान लावून बसलेले. अबिद अलीने चौकार मारून सामना जिंकला, तेव्हा कोठे आरती सुरू झाली.

"मी रागावले होते," आई म्हणाली. "पण ते म्हणत तरी, 'जरा थांबा, एवढ्या धावा होऊ देत.' आणि झाल्या की उठत. तू थांब म्हणत नाहीस आणि उठतही नाहीस. नुसते बघतो म्हणतोस."

आम्हांस उत्तर सुचले नाही. वहीत शेवटची चौकट भरावयाची होती. क्रॉफर्डच्या हातून निसटलेला तो चेंडू नियमाप्रमाणे फटका म्हणूनच लिहावा लागला. चुकीच्या रकान्यात त्याची नोंद नाही. पण तो निदान धावला होता. आम्ही? नानांची प्रकृती खालावल्याचे दादाने कळविले तेव्हा वैशाख होता. सुट्टीत जाऊ, दिवाळीत जाऊ, असे करता करता श्रावण आला, आणि आम्ही पोहोचलो ते तिसऱ्या दिवशी. कोणी आम्हांस बोल लावला नाही. परदेशात असतो, काय करणार बिचारा, असेच सर्व म्हणाले. आमच्या नावावर चूक चढली नाही, कारण आम्ही जागचे हललोच नव्हतो.

हे सर्व त्या रात्री आईस बोलून दाखविले. तिला ठेवून घेण्याचा बेतही सांगितला. ती बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नानांपाशी नव्हतास म्हणून आता मला इथे ठेवणार? अरे, त्यांचे राहिले ते माझ्याकडून कसे फिटेल? मला माझे घर आहे. तुला यावेसे वाटले तर तू ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिकिटे काढली; एक नव्हे, दोन. त्या वर्षी ऑक्टोबरात सेंट लुईस संघाने अंतिम मालिकेतील सहावा सामना हरता हरता अकराव्या डावात जिंकला. तो सामना आजही जाणकार नावाजतात. आम्ही तो पाहिला नाही. पुण्यात त्या वेळी भाऊबीजेची सकाळ होती, आणि आम्ही कित्येक वर्षांनी बहिणीने मांडलेल्या पाटावर बसलो होतो.

आई त्यानंतर चार वर्षे होती. आम्ही दर वर्षी जात असू. ती टिपणवही अद्याप आमच्यापाशी आहे. 28 सप्टेंबरच्या पानावर चौकटींच्या बाहेर, समासात, आईच्या बारीक अक्षरात चार ओळी आहेत. आम्ही खेळात गुंग असताना तिने त्या केव्हा लिहिल्या, ते आम्हांस कळलेही नाही. साडेसात, तेल घातले. नऊ, तेल घातले. साडेदहा, तेल घातले. बारा, तेल घातले.