ओलं फडकं

माझ्या फियाटमध्ये एक फडकं कायम घडी करून ठेवलेलं असतं. आईच्या जुन्या सुती लुगड्याचं. एप्रिल-मेच्या उन्हात बोरघाट चढताना गाडी गचके खाऊ लागली, की ती कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि फडकं पाण्यात बुडवून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपावर गुंडाळायचं. उष्णतेनं पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. दहा मिनिटं थांबलं, पंप निवला, की गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी, अण्णांनी, हे पहिल्यांदा करून दाखवलं होतं. तेव्हा माझं लक्ष दरीकडे होतं. अण्णा म्हणाले, "इकडे ये. आधी ऐक."

ऐकायचं ते त्या वेळी काही कळलं नाही. पण ती गाडी तिथेच मनात शिरली ती शिरलीच.

ही १९५६ सालची फियाट ११००. फुगीर मडगार्ड, गोल नाकाड, म्हणून लोक तिला डुक्कर फियाट म्हणतात आणि त्या नावात मला मायाच ऐकू येते. पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. लुगड्यातली आजी त्यातून राणीसारखी उतरायची. गिअर स्टिअरिंगपाशी. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच मारूनच. घाई केली की दात करकरतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात या गाड्या बांधायला घेतल्या. वालचंद १९५३ मध्ये गेले, ११०० त्यानंतर वर्षभरानं आली. त्यांनी ती रस्त्यावर पाहायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

अण्णांच्या मागे ती माझ्याकडे आली. मग फियाटचीच एक डिलाइट आली, मग साताऱ्याकडच्या एका वाड्याच्या सोप्यात जिच्यात कोंबड्या नांदत होत्या त्या स्टँडर्ड हेराल्डला घरी आणलं. पगारातला मोठा वाटा त्यांनीच खाल्ला. पण कापड घालून नुसत्या उभ्या केलेल्या गाड्या मला बघवत नाहीत. रबराची सीलं वाळतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, टाकीत गंज धरतो. गाडी धावली तरच टिकते, म्हणून मी त्या पळवत आलो.

तरुणपणी मद्रासजवळ शोलावरमला शर्यती बघायला गेलो होतो. महायुद्धातली जुनी धावपट्टी, फेब्रुवारीचं ऊन, जळक्या तेलाचा वास. तिथे हेराल्ड आणि फियाट वळणावर अंग टाकताना पाहिल्या आणि परतीच्या गाडीत रात्रभर झोप आली नाही.

तेव्हापासून इटलीतली मिले मिलिया ही शर्यत डोक्यात आहे. ब्रेशिया ते रोम आणि परत, हजार मैल, उघड्या रस्त्यावर. छोट्या, हळू गाड्या आदल्या रात्री सुटायच्या, दांडग्या गाड्या सकाळी. सुटायची वेळ हाच गाडीचा क्रमांक. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस ७२२ क्रमांकाच्या मर्सिडीजमधून सकाळी सात बावीसला निघाला आणि १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकून परतला. शेजारी त्याचा वाटाड्या जेन्किन्सन कागदाच्या गुंडाळीवरून वळणं वाचून खुणा करत होता. मला मात्र रात्रीच्या अंधारात निघालेल्या त्या ११००च जास्त दिसतात, माझ्या गाडीच्या सख्ख्या बहिणी. १९५७ च्या अपघातात प्रेक्षक आणि मुलं गेली आणि ती शर्यत थांबली. १९७७ पासून ती जुन्या गाड्यांसाठी पुन्हा भरते, पण आता वेगाची नाही, वेळेची. ठरलेल्या सेकंदाला पोचायचं.

आमच्याकडच्या रॅलीही तशाच. लवकर पोचलात तरी गुण जातात, उशिरा पोचलात तरी जातात. हे मला फार मानवतं. काटा बघायला वेळ नसतो. कानानंच ओळखावं लागतं की चढावर तिसरा गिअर पुरे आहे की दुसरा हवा, टॅपेटचा आवाज विणकामाच्या सुयांसारखा आहे की कोरडा खडखडतोय. अण्णा घाटात काय ऐकायला सांगत होते ते मला पन्नाशीत कळलं.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेल्या. माझ्या ११०० च्याच १०८९ सीसी इंजिनाचा वंश. त्याच्या आदल्या आठवड्यात मी दादरला एका टॅक्सीत मुद्दाम बसलो, काच खाली केली आणि सिग्नलला ती ज्या लयीत उभी राहायची ती ऐकत राहिलो. म्हातारे चालकही काही बोलले नाहीत.

गेल्या वर्षी रॅलीत लेक शेजारी बसली होती, मांडीवर वेळेचा तक्ता. खंडाळ्याच्या चढावर गाडी गचकली. मी काही म्हणायच्या आत ती बाटली आणि फडकं घेऊन खाली उतरली होती. पंपावर पाणी पडलं तसं चर्र झालं, वाफ वर आली. मी घड्याळाकडे पाहिलं. तिनं एक बोट वर केलं, कान बॉनेटजवळ नेला आणि तिथेच वाकून उभी राहिली.